शरीराचा रोजमेळ

पंधरा-वीस वर्षांपूर्वी पहाटे रंकाळ्याच्या काठाने कोणी धावताना दिसले, तर तो पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारा एखाद्या खेड्यातील तरुण असावा, असे आपण गृहीत धरत असू. आता तसे राहिलेले नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, राजाराम तलावाच्या वाटेवर आणि रविवारी तर थेट पन्हाळ्याच्या रस्त्यावर चाळिशी-पन्नाशीतील माणसे धावताना दिसतात. जवळ गेल्यावर त्यांतील दोन-चार चेहरे आपल्याच मंदिरातील, आपल्याच पेठेतील निघतात. दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या आपल्या समाजात हा बदल घडला, याचा मला मनापासून आनंद आहे. मधुमेहाने आणि रक्तदाबाने आपल्या कुटुंबांत किती घर केले आहे, हे वाचकांना सांगायला नको.

परंतु आजचा विषय न धावणाऱ्यांचा नाही. तो फार धावणाऱ्यांचा आहे. व्यापारी मनुष्य ज्या कामात पडतो त्यात पूर्ण पडतो. भांडवल वाढवले की नफा वाढतो हा त्याचा जन्माचा अनुभव. शरीराच्या बाबतीत हे गणित एका मर्यादेपर्यंतच चालते आणि ती मर्यादा ओलांडल्याचे प्रथम कळते ते धावणाऱ्याला नव्हे, तर त्याच्या घरच्यांना. हे मी आमच्याच घरी पाहिले आहे.

माझा पुतण्या गुळाच्या अडतीचा व्यवसाय करतो. त्या वेळी त्याचे वय ४१ होते. गुळाचा हंगाम दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांनी सुरू होतो. पावसाळ्यात हाताला थोडी सवड असते. त्या सवडीत त्याला धावण्याची गोडी लागली. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन भरते. यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने चढत जायचे आणि त्याच वाटेने उतरून यायचे, एकूण २१ किलोमीटर. पहिल्या वर्षी ती त्याने हसतखेळत पूर्ण केली. पुढच्या वर्षी दोन तासांच्या आत यायचे असे मनाशी ठरवले आणि तेथून हिशेब बिघडला.

जूनपासून तो आठवड्याचे सातही दिवस धावू लागला. जुलैच्या मध्यावर त्याचा वेळ सुधारण्याऐवजी घसरू लागला. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की, मेहनत कमी पडते आहे. मग सायंकाळची व्यायामशाळा सुरू झाली. दोन महिन्यांत तीनदा सर्दी-खोकला झाला. रात्री दहाला आडवा होणारा माणूस तीन वाजता जागा होऊन छताकडे पाहत पडू लागला. ताटातील पुरणपोळी तशीच राहू लागली. ज्याने कधी कोणाला अरे-तुरे केले नव्हते त्याने दुकानातील जुन्या हमालावर सर्वांसमक्ष आवाज चढवला. सूनबाई एकदा मला म्हणाली, “काका, तुम्ही तरी यांना सांगा. हे घरात असून नसल्यासारखे असतात.” मी हसून म्हटले, व्यसनापेक्षा बरे आहे, धावू दे त्याला. ते वाक्य मला आजही टोचते.

एके दिवशी त्याने मला मनगटावरचे घड्याळ दाखवले. पूर्वी वाघबीळच्या चढावर हृदयाचे ठोके मिनिटाला १७० पर्यंत जात. आता कितीही जोर लावला तरी १५५ च्या वर जात नव्हते. “काका, हृदय किती मजबूत झालं बघा,” तो म्हणाला. मलाही ते पटले. वस्तुतः ती धोक्याची खूण होती. त्याचा वेग पूर्वीपेक्षा कमी होता, पाय जड होते आणि तरीही हृदय वर चढण्यास नकार देत होते. तंदुरुस्ती वाढली की त्याच वेगाला ठोके कमी लागतात. येथे मात्र वेगही गेला होता आणि ठोकेही.

त्या वर्षी पर्युषण आधी आले आणि शर्यत नंतर. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी, पारणे होण्यापूर्वीच, तो पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला लागला. चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. सोबत्यांनी गाडीत घालून घरी आणले.

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख, इको, रक्तातील साखर, थायरॉईड सर्व तपासले. हृदय निर्दोष निघाले. हिमोग्लोबिन आणि बी-१२ कमी होते. त्यांनी दोन्हींवर औषध दिले, पण मग एक साधा प्रश्न विचारला, “शेवटची संपूर्ण सुट्टी कोणत्या दिवशी घेतली होती?” पुतण्याला उत्तर देता आले नाही. सहा आठवडे धावणे बंद, असा आदेश झाला. शर्यत गेली. त्याहून वाईट म्हणजे सहा आठवड्यांनीही अंगात ताकद आली नाही. पाडव्याच्या सौद्यांना, जेथे तो दरवर्षी सर्वांत पुढे उभा असे, तेथे त्या वर्षी तो भिंतीला टेकून बसला होता.

या अवस्थेला इंग्रजीत ओव्हरट्रेनिंग म्हणतात. आपण सरावाचा अतिरेक म्हणू. तिच्यामागील तत्त्व समजण्यास कठीण नाही. व्यायामाने शरीर बळकट होते हे अर्धसत्य आहे. व्यायाम चालू असताना शरीर थकते, स्नायूंतील साठा रिता होतो, सूक्ष्म तंतूंना इजा होते. त्यानंतरच्या झोपेत, आहारात आणि विश्रांतीत शरीर ही तूट भरून काढते आणि पुढच्या वेळेसाठी थोडे अधिक बांधून ठेवते. बळ येते ते या दुसऱ्या टप्प्यात. तो टप्पा पुरा होण्याआधीच पुन्हा पुन्हा उचल केली तर मुद्दल घटत जाते. शरीरावरील कोणत्याही ताणाला प्रथम धक्का, मग प्रतिकार आणि ताण हटलाच नाही तर अखेर थकवा अशा अवस्था असतात, हे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ पासून मांडले. शरीर ताणाची वेगवेगळी खाती ठेवत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. घाटाचा चढ, बुडालेली उधारी, रात्रीचे जागरण, घरातील आजारपण, सर्व एकाच खात्यावर नावे पडते.

युरोप आणि अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१३ मध्ये एकत्रितपणे या विषयावर निवेदन प्रसिद्ध केले. त्यात थकव्याच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. पहिली जाणूनबुजून ओढवून घेतलेली. काही दिवसांच्या वा दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीने ती जाते आणि खेळाडू पूर्वीपेक्षा सरस होतो. दुसरीत भरपाईला आठवडे ते महिने लागतात आणि हाती काही लागत नाही. तिसरी हा खरा विकार. तीतून बाहेर पडण्यास अनेक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ जातो. याचे निदान करणारी एकही रक्ततपासणी नाही. पंडुरोग, थायरॉईड, मधुमेह, जंतुसंसर्ग, हृदयविकार ही सर्व कारणे एकेक करून बाजूला सारल्यावर जे उरते ते हे. म्हणून स्वतःच्या मनाने ‘मला ओव्हरट्रेनिंग झाले आहे’ असे ठरवून डॉक्टरांना टाळणे हेही तितकेच चुकीचे.

अमेरिकेचे अल्बर्टो सालाझार यांनी १९८० ते १९८२ अशी सलग तीन वर्षे न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. १९८२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कडक उन्हात ते अवघ्या दोन सेकंदांनी पहिले आले आणि शर्यतीनंतर त्यांना शिरेतून द्रव द्यावे लागले. त्यानंतर त्यांची कामगिरी घसरत गेली. वारंवार आजारपणे आली. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये ते पंधरावे आले. पुढे १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत त्यांनी जिंकली, पण मधली दहा-बारा वर्षे हातची गेली होती. (प्रशिक्षक म्हणून पुढे त्यांच्यावर बंदी आली, तो विषय निराळा.) सरावाच्या अतिरेकाची चर्चा निघाली की धावण्याच्या जगात त्यांचे नाव हमखास निघते. ते व्यावसायिक धावपटू होते. आपल्याला तर सकाळी दहाला दुकान उघडायचे असते.

खरे पाहता कोल्हापूरला हे ज्ञान परके नसावे. १९१२ च्या खासबाग मैदानाचे आणि जुन्या तालमींचे हे गाव. तालमीतील वस्ताद पठ्ठ्याचे जोर-बैठका मोजतो तसा त्याचा खुराकही पाहतो. पोरगा नीट जेवला का, झोपला का, आज आखाड्यात उतरताना त्याचे डोळे कसे आहेत, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. आपल्या धावणाऱ्या मंडळींना असा वस्ताद नाही. त्यांचा आराखडा मोबाईलमधून येतो आणि मोबाईल चेहरा पाहत नाही. तेव्हा वस्तादाचे काम स्वतःला आणि घरच्यांना वाटून घ्यावे लागते.

आमच्या घरी ते कसे झाले, ते सांगतो. डॉक्टरांनी पुतण्याला एक साधी वही घालायला सांगितली. आमच्या वडिलांच्या काळी दुकानात रोजमेळ लिहिल्याखेरीज दिवा मालवला जात नसे, त्यामुळे ही कल्पना त्याला लगेच रुचली.

वहीत पहिली नोंद सकाळच्या नाडीची. जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. सर्वसामान्य प्रौढाची विश्रांतीतील नाडी ६० ते १०० असते. नियमित धावणाऱ्याची ५० च्या आसपास, कधी त्याहूनही कमी असू शकते. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. दोन-तीन आठवडे हलक्या सरावात मोजून स्वतःची सरासरी काढावी. समजा ती ५४ आली. एखाद्या दिवशी ६० भरली तर काही बिघडत नाही. आदल्या रात्री लग्नाची वरात असेल. मात्र सलग तीन-चार दिवस नाडी ६१, ६३, ६२ अशी येत असेल, तर शरीर काही सांगत आहे. ताप येऊ घातला असेल, पाणी कमी पडले असेल किंवा सराव अंगावर येत असेल.

या आकड्यावर आंधळा विश्वासही ठेवू नये. ताण अल्पकाळाचा, दोन आठवड्यांच्या आतबाहेरचा असेल तेव्हा सकाळची नाडी वाढलेली दिसते. महिनोन्‌महिने चाललेल्या अतिरेकात ती पुन्हा पूर्ववत, कधी नेहमीपेक्षा कमीही होऊ शकते. नव्या घड्याळांत एचआरव्ही नावाचा आकडा येतो. हृदय घड्याळासारखे टिकटिक करत नाही. दोन ठोक्यांमधील अंतर मिलिसेकंदांनी कमीअधिक होत असते. ताजेतवाने असताना हा फरक सहसा अधिक असतो, ताणाखाली घटतो. तोही एका दिवसाचा नव्हे, आठवड्याच्या सरासरीने वाचावा. ज्यांच्याकडे असे घड्याळ आहे त्यांनी जरूर पाहावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी केवळ यासाठी विकत घेऊ नये.

कारण याहून अधिक भरवशाची गोष्ट फुकट मिळते. २०१६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. खेळाडूने स्वतः प्रामाणिकपणे सांगितलेली झोप, मनःस्थिती, थकवा आणि अंगदुखी यांची नोंद ही नाडी-रक्त यांसारख्या मोजमापांपेक्षा सरावाचा ताण अधिक नेमकेपणाने दाखवते, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा वहीतील पुढच्या रकान्यांत झोप, भूक, अंगदुखी आणि उत्साह यांना एक ते पाच गुण द्यायचे. आठवड्यातून एकदा सकाळी वजन. एका रात्रीत किलो-दीड किलो उतरले तर ते पाणी असते, चरबी नव्हे. आनंद मानू नये.

आणि सरावाचा आकडा. अमेरिकेतील कार्ल फोस्टर यांनी यासाठी एक सोपी रीत रूढ केली. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचे, आज किती कष्ट पडले? शून्य ते दहा यांत गुण द्यायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. ६० मिनिटे, कष्ट ७, म्हणजे ४२०. पुतण्याची जुलै महिन्याची गणना मागाहून केली तर रोज ४२०, सातही दिवस ४२०, असा भिंतीसारखा सपाट आकडा निघाला. फोस्टर यांचे म्हणणे असे की, नुसती बेरीज जेवढी घातक त्याहून ही एकसुरी सपाटी अधिक घातक. आज ६३०, उद्या १२०, परवा शून्य, असा चढउतार असेल तर शरीराला वसुलीची संधी मिळते. कठीण दिवस खरोखर कठीण आणि हलका दिवस खरोखर हलका असावा. हलक्या दिवशी धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. आपली बहुतेक मंडळी सर्व दिवस मध्यम कठीण करून ठेवतात.

आता एक नाजूक, पण आपल्या घरांपुरता अत्यंत महत्त्वाचा मुद्दा. चौविहार पाळणारा धावपटू सूर्यास्तापूर्वी, म्हणजे पावसाळ्यात सातच्या सुमारास, शेवटचे पाणी पितो. पहाटे पाचला तो रस्त्यावर असतो, तेव्हा दहा तास पोटात पाणी नसते. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. लांब पल्ल्याच्या धावेत घामावाटे जाणारे पाणी यात धरा. धावण्यास साधारणपणे दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक कॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला २१ किलोमीटरसाठी सुमारे १५०० कॅलरी. यकृतातील साखरेचा साठा जेमतेम १०० ग्रॅमचा. एका उपवासाच्या छत्तीस तासांत तो जवळपास संपतो. अशा वेळी धावणे म्हणजे रिकाम्या तिजोरीवर हुंडी लिहिणे होय.

यासाठी व्रत मोडा असे मी म्हणणार नाही. ते सांगण्याचा मला अधिकारही नाही. व्रत स्थिर ठेवून सराव हलवता येतो. पुतण्याने आता लांब धाव नवकारशीनंतर ठेवली आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कोल्हापूरची हवा साडेआठलाही सोसवते, उन्हाळ्यात तो अंतरच कमी करतो. सायंकाळचा व्यायाम त्याने बंद केला, कारण त्यानंतर जेवायला वेळ उरत नव्हता आणि व्यायामानंतरची भरपाई रात्रभर खोळंबत होती. पर्युषणात आणि दशलक्षणात धावणे पूर्ण बंद. एकासन असेल त्या दिवशी फार तर सावकाश चालणे. शाकाहारी घरांत लोह आणि बी-१२ यांची उणीव सर्रास आढळते, तेव्हा गंभीरपणे धावणाऱ्याने वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्यावे. डाळी, मोड आलेली कडधान्ये, दूध-दही, तीळ, गूळ यांचे प्रमाण वाढवावे. पण बी-१२ साठी बहुधा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीच घ्यावी लागते.

मुलींच्या मातांसाठी येथे थोडे थांबतो. पोहण्यात, धावण्यात, सायकलिंगमध्ये आपल्या मुली पुढे येत आहेत. सराव भरपूर आणि आहार अपुरा असेल तर मासिक पाळी लांबते किंवा थांबते. ‘स्पर्धा होईपर्यंत बरेच झाले’ असे म्हणून याकडे दुर्लक्ष होते. ही सोय नव्हे. ऊर्जेची तूट पडली की शरीर प्रथम ज्या खर्चाला कात्री लावते त्यांतील हा एक आहे आणि त्याच्या मागोमाग हाडे कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या ऊर्जा-तुटीकडे स्वतंत्र विकार म्हणून लक्ष वेधले असून तो पुरुषांतही आढळतो, असे स्पष्ट केले आहे. सलग तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि सरावाची वही बरोबर न्यावी.

काही लक्षणांपुढे वही-बिही काढत बसू नये. धावताना छातीत दुखणे वा दडपण येणे, चक्कर येऊन पडणे, हृदय अनियमित धडधडणे, नेहमीच्या श्रमाला दम लागणे, किंवा कठोर व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चाळिशीनंतर प्रथमच धावायला उतरणाऱ्याने तर सुरुवातीपूर्वीच हृदयाची तपासणी करून घ्यावी.

पुतण्याच्या वहीत शेवटचा एक रकाना आहे, तो डॉक्टरांनी सांगितलेला नाही. ‘घरचे मत’ असे त्यावर सूनबाईच्या अक्षरात लिहिले आहे. रोज रात्री ती किंवा त्यांची सातवीतील मुलगी त्यात एक आकडा घालते. त्याला तो खोडण्याची परवानगी नाही. मागच्या मार्गशीर्षात मी सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. वही कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेली होती. नाडी ६२, झोप २, अंगदुखी ३. आणि शेवटच्या रकान्यात मुलीने आकड्याऐवजी लिहिले होते, ‘पप्पा काल विनाकारण ओरडले’. पायांत बूट चढवलेला पुतण्या ते वाचून क्षणभर उभा राहिला. मग त्याने बूट काढले, सरावाच्या रकान्यात शून्य लिहिले आणि मला म्हणाला, “काका, बसा. नवकारशीला अजून दहा मिनिटं आहेत, मग चहा घेऊ.”